जेंबे घ्यायचाय? आधी खोड बघा, कातडं नंतर

स्टेटसला जेंबेचा (हाताने वाजवायचा आफ्रिकन ड्रम) फोटो टाकल्यापासून मेसेज थांबतच नाहीयेत, कुठून घेतलास, कितीला पडला, अमुक साइटवर साडेतीन हजारात मिळतोय तो घेऊ का, आणि माझी सांगलीची मावशी तर म्हणाली अगं बकरीचं कातडं घ्यायला तू इंग्लंडला गेलीस होय, इथं काय बकऱ्या संपल्या का. प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा इथंच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या माणसाला लिंक पाठवली की झालं.

साडेतीन हजारवाल्याचं उत्तर आधी. घरात लहान मूल आहे, त्याला काहीतरी बडवायला हवंय, किंवा ट्रेकला शेकोटीभोवती गाणी म्हणताना ठेका धरायचाय, तर खुशाल घ्या, मजा येते, मोडला तर वाईट वाटत नाही. पण नीट शिकायचं असेल, बास (खोल, घुमणारा), टोन (मधला) आणि स्लॅप (उंच, तीक्ष्ण) हे तीन आवाज हातातून वेगवेगळे काढायचे असतील, तर तो ड्रम तुम्हाला ते काढूच देत नाही आणि मग माणसाला वाटतं आपल्याच हातात काही नाही. असे निराश झालेले लोक मी इथल्या क्लासमधे भरपूर बघितलेत. ड्रम बदलला की त्याच हातातून स्लॅप निघतो.

आता मी कुठून घेतला. इथे यॉर्कशायरमधे जुन्या लोकरीच्या गिरण्या बंद पडल्यावर त्यांचे गाळे करून भाड्याने दिलेत, त्यातल्या एका गाळ्यात एक साठीतला माणूस आणि त्याची बायको मिळून हा धंदा करतात. दुकान म्हणावं तर बोर्डही धड नाही. तो मालीतून आणि गिनीतून ड्रम आणि कातडी मागवतो, चढवतो, दुरुस्त करतो, आणि ती हिशेब आणि पार्सलं बघते. नाव-पत्ता देत नाही कारण त्याने मला तसं सांगितलंय, आहे तेवढंच काम त्याला उरकत नाही म्हणे. पण युरोपात असे छोटे दुकानदार बऱ्याच शहरांत आहेत, शोधलं तर सापडतात, आणि माझं तर स्पष्ट मत झालंय की जेंबे अशाच माणसाकडून घ्यावा जो कातडंही विकतो आणि ते चढवूनही देतो. कारण साधं आहे, जो माणूस फाटलेले ड्रम रोज उघडतो त्याला आतलं लाकूड कसं असतं ते माहीत असतं. नुसते खोके हलवणाऱ्याला ते कळायचं कारणच नाही.

थोडं मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. जेंबे मूळचा पश्चिम आफ्रिकेतल्या मांदे लोकांचा, म्हणजे आजचे गिनी, माली, आयव्हरी कोस्ट, बुर्किना फासो, सेनेगल हा पट्टा. एका अखंड ओंडक्यातून कोरतात, वर वाटी, खाली नळी. आणि कोरणारे कोण तर नुमू, म्हणजे तिथले लोहार! आपल्याकडे लोहार आणि सुतार हे वेगवेगळे बलुतेदार, तिकडे लोखंड आणि लाकूड दोन्ही एकाच घराण्याकडे, मला हे ऐकून जाम गंमत वाटली होती. (कुणीतरी कमेंटमधे जंजिऱ्याचे सिद्दी काढणारच म्हणून आधीच सांगते, सिद्दींचे पूर्वज मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून आले, हा ड्रम पार दुसऱ्या टोकाचा, उगाच धागे जोडू नका.)

गावाबाहेर तो आला कसा तर फोदेबा केइता नावाच्या गिनीच्या माणसाने पॅरिसमधे १९५२ ला ले बॅले आफ्रिकँ हा नाचगाण्याचा संच काढला, तो जगभर फिरला, १९५८ ला गिनी स्वतंत्र झाल्यावर तोच देशाचा अधिकृत संच झाला. फामुदू कोनाते त्यात पंचवीसेक वर्षं मुख्य वादक होते. मग १९८४ ला गिनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे गेले, सरकारी संचांचे दिवस फिरले आणि तिथले मोठे वादक युरोपात येऊन शिकवायला लागले. ममादी केइता ब्रुसेल्सला आले, १९९१ ला त्यांनी ताम ताम मांदेंग ही शाळा काढली, आज तिचे शिष्य कुठल्या कुठल्या देशात आहेत, २०२१ ला ते गेले तेव्हा आमच्या क्लासमधली गोरी माणसं रडत होती. तर हा सगळा धंदा, म्हणजे युरोपातली छोटी दुकानं, कंटेनरमधून येणारी खोडं, कातड्यांचे गठ्ठे, हा त्या शिकवण्यांच्या मागोमाग उभा राहिलाय. विद्यार्थी झाले की ड्रम लागतो, ड्रम झाला की कधीतरी कातडं फाटतं.

हं तर आता खोड.

तबला वाजवणाऱ्यांना हा शब्द सांगायला नको, बाकीच्यांसाठी, खोड म्हणजे वाद्याचं लाकडी अंग. तबल्यात पुडी (वरचं कातडं) बदलता येते, वाद्या (ती ताणणाऱ्या चामडी पट्ट्या) बदलता येतात, पण खोड चांगलं नसेल तर कितीही भारी पुडी घाला, काही होत नाही. जेंबेचं तंतोतंत तेच आहे पण लोक दुकानात गेले की आधी वरच्या कातड्यावर थाप मारून बघतात, नाहीतर बाहेरचं कोरीवकाम आणि दोरीचा रंग बघतात. दुकानदार काकांनी (मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणते, तोंडावर नावाने हाक मारावी लागते, त्याची अजून सवय होत नाहीये) मला पहिल्यांदा ड्रम उलटा करून दिला आणि हातात टॉर्च दिला. म्हणाले आधी आत बघ. आत चिरा आहेत का, चिरा लाकडाच्या भुश्याने आणि गोंदाने बुजवून वर पॉलिश मारलंय का, भिंतीची जाडी सगळीकडे साधारण सारखी आहे का, वाटी जिथे नळीला मिळते तिथे नीट कोरलंय का नुसतं उरकलंय. नळी फार अरुंद किंवा फार रुंद असली की बास बिघडतो, कारण जेंबेचा बास हा कातड्यापेक्षा आतल्या हवेचा असतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो घुमतो तोच प्रकार. साधारण ६५ ते ८० हर्ट्झला बास असतो, टोन ३०० ते ४२० आणि स्लॅप ७०० पासून हजारपर्यंत जातो, म्हणजे एकाच कातड्यावर एवढी मोठी झेप. आणि बास आतल्या हवेचा म्हणूनच बसून वाजवताना ड्रम थोडा पुढे कलता धरतात, खालचं तोंड जमिनीला टेकलं की बास गेलाच.

मग वरची कड. ही सपाट पाहिजे, एका पातळीत, आणि बाहेरच्या बाजूला गोलाई दिलेली पाहिजे. कड धारदार असली तर बोटांची वाट लागते आणि कातडंही तिथेच कापलं जातं. काकांकडे एक जाड काच आहे, तीवर खोड पालथं ठेवतात, आत टॉर्च लावून दिवा बंद करतात, कुठून उजेड बाहेर आला तर कड तिथे खाली आहे. माझ्यासमोर त्यांनी एका सुंदर दिसणाऱ्या, बाहेरून मस्त नक्षी असलेल्या खोडाखालून एवढा उजेड बाहेर काढून दाखवला की मला हसूच आलं. ते खोड त्यांनी विकायला ठेवलंच नव्हतं, घासून नीट करणार होते.

लाकडाची नावं ऐकून घाबरू नका. लेंके, जाला, दुगुरा, गेनी ही चार कानावर येतात. सगळी जड, घट्ट लाकडं. लेंके बऱ्याच वादकांचं लाडकं, गेनी सगळ्यात कठीण आणि त्याचा आवाज टणत्कारी, थोडा कोरडाच. पण गेनी म्हणजे आफ्रिकन रोझवूड, फर्निचरसाठी त्याची इतकी तोड झाली की २०१७ पासून ते साइट्सच्या (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे हे लाकूड देशाबाहेर न्यायला परवान्याचे कागद लागतात. तर कुणी गेनीचा ड्रम स्वस्तात देतो म्हणाला तर कागद मागा, आणि नसतील तर सोडून द्या, झाडाचीही गोष्ट आहे आणि उद्या कस्टमला अडकलात तर ड्रम गेला. मी लेंके घेतला. माझ्या बजेटमधे एक हलका आणि जास्त देखणा ड्रमही बसत होता पण काकांनी दोन्ही मांडीत देऊन वाजवायला लावले आणि मग विचार करायचं कामच उरलं नाही.

वजनाबद्दल, चांगला कोरलेला ड्रम दहा किलोच्या आसपास सहज जातो. बसमधून न्यायला कंटाळा येतो, खरंय. घानाचे जेंबे हलके असतात कारण तिथे त्वेनेबोआ वापरतात, मऊ लाकूड. घानाची खरी ओळख जेंबे नाहीच, तिथला गा लोकांचा क्पानलोगो बघा, खुंट्या ठोकून कातडं ताणलेला, त्याचा आवाज इतका गोड असतो की जेंबे शिकायला आलेल्या दोघीतिघी माझ्यादेखत तिकडे वळल्यात. इंडोनेशियात पूर्व जावामधलं ब्लितार हे गाव तर जेंबेचा कारखानाच आहे, मॉलमधे, समुद्रकिनाऱ्यावर, ठिपक्यांची नक्षी काढलेले जे छोटे ड्रम दिसतात ते बहुतेक तिकडचे, लेथवर फिरवून केलेले. वाईट म्हणत नाही मी, शोभेला छान. आणि रेमो, माइनल या कंपन्यांचे फायबरवाले, प्लास्टिकचं पान (कातड्याच्या जागचा पडदा) आणि चावीने कसायचे, हे शाळेत किंवा पावसाळी देशात खूप सोयीचे, मुंबईकरांनी तर जरूर विचार करावा. हाताला मात्र प्लास्टिक ते प्लास्टिकच. पुण्यात पथकात ढोल वाजवत होते तेव्हा आमच्यातही हा वाद दरवर्षी असायचा, चामड्याचं पान का फायबरचं, पाऊस आला की फायबरवाले जिंकायचे.

आता कातडं, ज्यासाठी मावशी हसत होती.

काकांच्या गाळ्यात मागच्या भिंतीला कातड्यांची चळत असते. वाळलेली, केसांसकट, पापडासारखी कडक, एकावर एक. जवळ गेलं की वास येतो, घाण नाही म्हणणार मी, गोठ्याचा आणि धुराचा मिळून असतो तसा. तपकिरी, काळी, पांढरी, ठिपक्यांची, प्रत्येक बकरी वेगळी. मला वाटत होतं एक उचलायचं, पैसे द्यायचे, निघायचं, तर त्यांनी अर्धी चळत माझ्यासमोर उपसली. एकेक कातडं ट्यूबलाइटपुढे धरायचं. उजेडात आतलं सगळं दिसतं. मधोमध पाठीच्या कण्याची गडद रेघ, ती सरळ पाहिजे आणि ड्रमच्या बरोबर मधून जाईल अशी जागा मिळायला पाहिजे, कारण कण्याच्या दोन्ही बाजूंना कातड्याची जाडी सारखी उतरत जाते, रेघ एका बाजूला गेली की ड्रमची एक बाजू जाड आणि एक पातळ होते आणि आवाज फाटतो. मग बारीक पांढरे ठिपके, ते गोचिडांचे आणि काट्यांचे जुने व्रण, असले तरी चालतात पण जिथे कड येणार तिथे नकोत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सोलताना लागलेली सुरी. आतल्या बाजूने नखाने चाचपलं की लागते हाताला, इवलीशी खाच, कोरडं असताना काहीच वाटत नाही पण ताण दिला की फाटणार ती तिथूनच. एक कातडं मला फार आवडलं होतं, पांढरं, मधे काळा पट्टा, त्यांनी ते उलटं करून माझं बोट धरून खाचेवर ठेवलं आणि काही न बोलता बाजूला टाकलं. विकू शकले असते. मला कुठे कळणार होतं.

जाडीचं ज्याचं त्याने ठरवावं. पातळ कातड्यावर स्लॅप चटकन येतो, बोटांना कमी कष्ट, पण जोरात वाजवणाऱ्याच्या हाताखाली टिकत नाही. जाड कातडं दमदार, बास आणि टोन भरीव, पण हात लालभडक होतात आणि ताणायलाही ताकद लागते. काकांचं म्हणणं असं की बकरीचं कातडं बोकडापेक्षा बरं, आणि तिकडच्या कोरड्या गवतावर हिंडलेल्या जनावराचं युरोपातल्या खाऊनपिऊन सुखी जनावरापेक्षा बरं, चरबी कमी. चुन्यात घालून केस काढलेली पांढरीशुभ्र कातडी मिळतात ती ते ठेवतच नाहीत, म्हणतात त्याचा आवाज गेलेला असतो. माझे कान अजून तेवढे तयार नाहीत पण बाकी सगळ्यात ते बरोबर निघालेत तर यातही असतील. मापाचं म्हणाल तर तेरा इंच तोंडाच्या ड्रमला आरपार वीस-बावीस इंच तरी चांगलं कातडं हवं, लोखंडी कडीभोवती गुंडाळून वर परत ओढायला लागतं ना. ऑनलाइन मागवताना लोक तोंडाचंच माप टाकतात आणि मग रुमालाएवढं कातडं घरी येतं.

जेंबेच्या जोडीला दुनुन असतात, केनकेनी, सांगबान आणि दुनुनबा, काठीने वाजवायचे तीन, त्यांना गायीचं कातडं लागतं. ते दुकानात बघितलं, वाजवलं, आवाज पोटात घुमतो. घरी आणायचं की नाही यावर फोनवर आईशी बोलणं झालं आणि तूर्तास विषय बंद आहे.

एक गंभीर गोष्ट सांगते आणि ही कृपा करून वगळू नका, विशेषतः जे लोक आफ्रिकेत फिरायला जाऊन बॅगेत कच्चं कातडं घालून आणायचा विचार करतायत त्यांनी. काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स. जनावरांचा रोग, पण त्याचे बीजाणू वाळलेल्या कातड्यात आणि केसांत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. २००६ ला न्यूयॉर्कमधला एकजण आयव्हरी कोस्टहून कातडी घेऊन आला, ड्रम बनवायला ती साफ करताना श्वासातून गेलं आणि तो मरता मरता वाचला. त्याच वर्षी स्कॉटलंडमधे एकजण दगावला, २००८ ला लंडनमधे ड्रम बनवणारा एक माणूस गेला. २००९ च्या डिसेंबरात अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला ड्रम सर्कलला, म्हणजे गोल बसून सगळ्यांनी मिळून ड्रम वाजवायच्या कार्यक्रमाला, गेलेली एक बाई आजारी पडली. हैतीच्या बोंगो ड्रमवरून तर १९७४ लाच एक केस झाली होती, म्हणून हैतीहून बकरीच्या कातड्याच्या वस्तू अमेरिकेत न्यायला तेव्हापासून आडकाठी आहे. घाबरवत नाहीये, तयार ड्रम वाजवण्यात धोका अगदीच कमी आहे असं डॉक्टर लोक सांगतात, हे प्रकार क्वचित घडणारे आहेत. खरा धोका कच्चं कातडं हाताळण्यात, कोरडे केस खरवडण्यात, धूळ उडवण्यात आहे. म्हणून दुकानदाराला सरळ विचारायचं, कातडं कुठल्या देशातलं, जनावराच्या तब्येतीचा दाखला आहे का, आयात रीतसर आहे का. काकांना मी विचारलं तर त्यांना राग वगैरे आला नाही, फाइल काढून दिली हातात, आणि म्हणाले हे विचारणाऱ्यालाच मी कच्चं कातडं विकतो. ज्याला या प्रश्नाचा राग येतो त्याच्याकडून घेऊ नका, बास.

तर चढवण्याबद्दल. पहिलं कातडं त्यांनी चढवलं, दुसऱ्याच्या वेळी मी बाजूला बसून हात चालवला. आदल्या दिवशी थंड पाण्यात भिजत घालतात, रात्रभर, की मग ते मऊ होऊन ओल्या सुती कापडागत लोंबतं. हातमोजे, नाकाला मास्क, टबखाली प्लास्टिक. तीन लोखंडी कड्या असतात, एक खाली नळीच्या वरच्या गळ्याशी, दोन वर. ओलं कातडं तोंडावर पसरून, कण्याची रेघ मधे आणून, पहिली कडी घालायची, कातड्याच्या कडा तिच्यावरून वर दुमडायच्या आणि वरून दुसरी कडी, म्हणजे दोन कड्यांच्या मधे कातडं चिमटीत सापडतं. वरच्या आणि खालच्या कडीला दोरीचे फास आधीच विणलेले असतात, त्यांतून उभी दोरी वर-खाली वर-खाली घालत सगळा घेर पूर्ण करायचा. दोरी पाच मिलिमीटरची, आतून न ताणणारी, गिर्यारोहणात वापरतात त्या जातीची. स्वस्त ड्रमला साधी मऊ दोरी असते, ती महिन्याभरात सैल पडते आणि लोक म्हणतात कातडं खराब आहे. पूर्वी हे सगळं कातड्याच्याच पट्ट्यांनी बांधायचे, लोखंडी कड्या आणि नायलॉन आल्यावर एवढा ताण देता यायला लागला, आज आपण जो तीक्ष्ण स्लॅप ऐकतो तो बराचसा त्या कड्यांमुळे आहे, हे काकांनीच सांगितलं आणि मला पटलं.

ओलं असताना थोडंच ओढायचं. मग सावलीत, हीटरपासून लांब, दोनतीन दिवस वाळू द्यायचं, घाई केली तर वरून सुकतं आणि आत ओल राहते. मग वस्तरा. साध्या ब्लेडने, जागा ओलसर करून, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने. हे काम त्यांनी मला दिलं नाही आणि बरंच केलं, कारण ब्लेड जरा तिरकं झालं की आडवा काप आणि सगळं मुसळ केरात. त्यानंतर खरी ताणाताणी, लाकडी दांड्याला दोरी गुंडाळून पाय खोडाला लावून एकेक उभी दोरी खेचायची, पूर्ण घेर फिरून आलं की परत पहिल्यापासून. तेव्हा मला पथकातल्या मुलांची आठवण आली, ढोल कसताना दोघं दोघं लागायचे. सगळ्यात शेवटी उरलेल्या लांब दोरीने आडव्या गाठींची ओळ, दोन उभ्या दोऱ्या एकमेकींवर पिळून चौकटीच्या आकाराची नक्षी होते ना ती, ती शोभेची नाही, प्रत्येक चौकटीने आवाज एकेक पायरी वर चढतो. घरी ड्रम उतरला असं वाटलं की कातड्याला हात न लावता आणखी दोन चौकटी वाढवायच्या. आपल्या तबल्याला गठ्ठे ठोकतो त्याच्या जागी हे.

हवेचं सांगते आणि थांबते. कातडं आहे, दमट हवेत उतरणार, कोरड्या हवेत चढणार. मुंबईत जुलैत कुठलाही जेंबे ढब ढब वाजणार, त्याला इलाज नाही, हलगी जशी शेकतात तशी पश्चिम आफ्रिकेतही वाजवण्याआधी ड्रम शेकोटीशी धरतात, तुमच्याकडे शेकोटी नसेल तर हेअर ड्रायर लांबून. इंग्लंडात उलटा त्रास, थंडीत घरात हीटर चालू, हवा इतकी कोरडी की रात्री कधीतरी ठाप्प करून आवाज येतो आणि सकाळी कातडं कडेला उभं फाटलेलं. आणि उन्हात बंद गाडीत ठेवून खरेदीला जाऊ नका. वाजवताना अंगठ्या काढा, काचेच्या बांगड्या तर काढाच. कातड्याला शिया बटर चोळा म्हणून नेटवर सल्ले असतात, काका म्हणतात वर्षातून कधीतरी किंचित, रोज चोळून लोक कातड्याची भाजी करतात.

पैसे. माझा ड्रम तीनशे पौंडांच्या थोडा पुढे गेला, नुसतं चांगलं कातडं पंचवीसच्या आसपास, चढवून घ्यायचं तर मजुरी वेगळी आणि ती कातड्यापेक्षा कितीतरी जास्त, जी मला पूर्वी लूट वाटली असती, एकदा शेजारी बसून बघितल्यावर वाटत नाही. क्लासमधल्या एका मैत्रिणीने एका मोठ्या साइटवरून निम्म्यात घेतला, कड वाकडी निघाली, परत करायला गेली तर खोक्यासकट स्वतःच्या खर्चाने पाठवा म्हणाले. मग तीच काकांकडे घेऊन आली, त्यांनी कड घासून दिली, नवीन कातडं घातलं, हिशेब केला तर माझ्याइतकेच पैसे झाले आणि लाकूड मऊच.

पुण्यामुंबईत आता जेंबे बनवणारे आणि शिकवणारे दोन्ही आहेत, तिथे घेणार असाल तर आधी पुडी चढवणाऱ्या एखाद्या जुन्या तबला-ढोलकीवाल्याला सोबत न्या. त्याने जेंबे आयुष्यात बघितला नसला तरी चालेल, खोड वाजवून आणि कातडं उजेडात धरून तो पाच मिनिटात सांगेल. आणि पुढच्या वेळी मी भारतात येताना कुणासाठी कातडं आणणार नाहीये, आत्ताच सांगून ठेवते, वरचा काळपुळीचा परिच्छेद परत वाचा. दोरी आणि कड्या मात्र आणीन, माप पाठवा, तोंडाचं बाहेरून बाहेर, इंचात.